राजवाड्याचा केक, बिनअंड्याचा, जूनअखेर इंदुरात: सांगाडा, गनाश आणि फॉन्डंट कसं जमवावं?

केतकी (सुदामानगर, इंदूर)

नमस्कार. जूनच्या शेवटच्या शनिवारी सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे. त्यांचं लहानपण खजुरी बाजारात गेलं, म्हणून केक होळकरांच्या राजवाड्याच्या दर्शनी भागाचा करायचा आहे: मधला सात मजली दरवाजा आणि दोन्ही बाजूंचे बुटके भाग. माणसं साठेक. अंडं नको, जिलेटिनही नको. घरी २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), ८ इंची चौकोनी टिन आणि एका खोलीत एसी आहे. साधे दोन थरांचे फॉन्डंट (लाटून चढवायचं साखरेचं आवरण) केक जमतात, उंच काम नवीन आहे.

विचारायचं ते असं. बिनअंड्याचा केक कापून आकार देताना भुगा होतो, तो कसा टाळायचा? एवढ्या उंचीला आत आधार काय द्यायचा? तोवर पाऊस सुरू झालेला असेल, तर फॉन्डंट चिकट होऊ नये म्हणून काय करावं? आणि कार्यक्रम विजयनगरला आहे, तिथपर्यंत केक न्यायचा कसा?

वसुधा (रामबाग, इंदूर)

केतकीताई, आधी मापं ठरवा, पाककृती नंतर. मधला भाग १५ सेंमी रुंद, १२ खोल, २० उंच. बाजूचे दोन भाग प्रत्येकी साडेनऊ रुंद, ७ खोल, साडेअकरा उंच. ही मापं तुमच्या टिनवरूनच काढली आहेत. ८ इंची टिनमधून निघालेला केक साधारण साडेएकोणीस सेंमीचा असतो. त्याची १२ सेंमीची एक पट्टी आणि ७ सेंमीची दुसरी पट्टी कापा. पहिलीतून मधल्या भागाचा १५×१२ चा एक थर मिळतो, दुसरीचे दोन तुकडे केले की बाजूच्या भागांचे दोन थर. असे पाच केक भाजले की मधले पाच थर पुरे होतात. बाजूंना तीन-तीन मिळून सहा थर लागतात आणि चार तुकडे शिल्लक राहतात. ते टाकू नका, बुरुजांना लागतील.

एका केकसाठी मैदा २५० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, लोणी १२० ग्रॅम, दूध २०० मिली, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, सोडा अर्धा चमचा, व्हिनेगर एक मोठा चमचा, चिमूटभर मीठ. चॉकलेटचा हवा असेल तर ४० ग्रॅम मैदा काढून तेवढाच कोको घाला. नेहमीच्या पाककृतीत सोडा याच्या दुप्पट असतो. त्याने केक हलका होतो आणि नेमका तोच केक सुरी लावली की भुसभुशीत सुटतो. आकार द्यायच्या केकला मऊपणापेक्षा घट्ट वीण हवी, म्हणून सोडा आणि दूध दोन्ही कमी. १६० अंशांवर ५० ते ५५ मिनिटं.

पाचही केकचं मिश्रण एकदम करून ठेवू नका. व्हिनेगर पडलं की सोडा लगेच काम सुरू करतो, आणि तासभर थांबलेलं मिश्रण ओव्हनमध्ये फुगतच नाही. दर वेळी नवीन फेटा. एकाच खोल टिनमध्ये दुप्पट मिश्रण घालून वेळ वाचवायचा मोहही नको. अंडं नसल्याने मधला भाग स्वतःला तोलू शकत नाही, तो बसतो आणि खाली ओला थर राहतो.

भाजलेले केक पूर्ण गार झाले की क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. कापणं थंड असतानाच, दातेरी ब्रेडच्या सुरीने, दाब न देता करवतीसारखं. राजवाडा मुळात पेटीसारखा असल्याने तासायचं फार नाही: कमानीच्या जागी दीड सेंमी खोल खाच, वरच्या मजल्यांना पुढून किंचित आत घेणं, एवढंच. जितकं कमी तासाल तितका भुगा कमी.

आता सांगाडा. खाली १२ मिमी जाडीचं प्लायवूड, १८×१२ इंच. त्याला खालून चार कोपऱ्यांवर २ सेंमीचे लाकडी ठोकळे लावा, नाहीतर उचलताना बोटं आत जात नाहीत. फळीवर मधल्या भागाच्या बरोबर मध्यावर १२ मिमी जाडीचा गोल लाकडी दांडा उभा करून खालून स्क्रू मारा. दांडा १८ सेंमी ठेवा, म्हणजे तो वरच्या थरातून बाहेर डोकावणार नाही. फळी फॉन्डंटने झाकण्याआधी तिच्यावर खाद्यपदार्थांना चालणारा कागद चिकटवा आणि दांड्याला क्लिंग फिल्म गुंडाळा.

खालचे तीन थर दांड्यातून ओवून बसवा, मध्ये अर्धा सेंमी गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण). वर सपाट करून बबल टीचे जाड स्ट्रॉ चार कोपऱ्यांकडे, कडेपासून ३ सेंमी आत, फळीला टेकेपर्यंत घाला आणि केकच्या पातळीला कापा. पहिला स्ट्रॉ मोजून बाकीचे तीन त्याच मापाने कापायचे, प्रत्येक वेगळा मोजायचा नाही. स्ट्रॉ बुटके राहिले तर वरचा भार केकवर येतो, गनाश बाहेर ढकललं जातं आणि फॉन्डंटखाली पोट सुटतं. उंच राहिले तर पाठीमागून फट दिसते. त्यावर ३ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) तुकडा, १४×११ सेंमी, मध्यावर १४ मिमीचं भोक. त्यावर उरलेले दोन थर.

हा सांधा साडेअकरा सेंमीवर येतो आणि तो तिथे येणं फार सोयीचं आहे. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. केकवर खालचे तीन मजले थोडे उंच धरा, प्रत्येकी ३.८ सेंमी, आणि वरचे चार प्रत्येकी २ सेंमीहून किंचित जास्त. मग दगड संपून लाकूड सुरू होतं तिथेच सांधा बसतो आणि वर एक पुढे आलेली पट्टी लावली की तो कुणाला दिसत नाही. बाजूचे भागही त्याच उंचीचे असल्याने ती पट्टी सरळ पुढे नेता येते.

थर लावून झाले की लगेच बाहेरून गनाश लावायला घेऊ नका. क्लिंग फिल्म गुंडाळा, वर हलकी फळी आणि किलोभर वजन ठेवून रात्रभर बसू द्या. थरांमधली हवा तेव्हाच निघाली पाहिजे. ती नंतर निघाली तर फॉन्डंटला फोड येतो.

भरण आणि बाहेरचा थर मिळून १६०० ग्रॅम गनाश लागेल: डार्क कंपाउंड चॉकलेट ११५० ग्रॅम, २५ टक्के फॅटची क्रीम ४५० ग्रॅम. म्हणजे अडीचास एक. थंड हवेत दोनास एक पुरतं, आपल्याकडे या दिवसांत ते नरम पडतं. बाहेरचा थर ४ मिमी. कोपरे धारदार हवेत, त्यासाठी दोन स्टीलच्या पट्ट्या काटकोनात धरून ओढा.

शुभांगीकाकू (लष्कर, ग्वाल्हेर)

वसुधाची मापं चोख आहेत. एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. भरणाला कंपाउंड वापरू नका. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट असतं, ते तोंडात पूर्ण वितळत नाही आणि टाळूला चिकटून राहतं. बाहेरच्या ४ मिमी थरात ते चालतं, तिथे कडकपणा हवा असतो. पण भरण म्हणजे खाणाऱ्याचा प्रत्येक घास. भरणाला ६०० ग्रॅम लागेल, त्यासाठी ४०० ग्रॅम खरं डार्क चॉकलेट आणि २०० ग्रॅम क्रीम घ्या. कोको बटर साधारण ३४ अंशांवर वितळतं, आणि केक एसीतच राहणार असेल तर दोनास एक प्रमाण नीट धरून ठेवतं.

जिलेटिनबद्दल: मार्शमॅलोचं घरगुती फॉन्डंट बाद, मार्शमॅलोत जिलेटिनच असतं. तयार फॉन्डंट घेताना हिरवा ठिपका आणि घटकांची यादी दोन्ही वाचा. रंगांचंही तसंच. लाल-गुलाबी रंगात आयएनएस १२० लिहिलेलं असेल तर तो किड्यापासून काढलेला कारमाइन आहे, तो शाकाहारी घरात नको. एकूण दीड किलो फॉन्डंट आणा: एक किलो भिंतींना, अर्धा किलो नक्षीला.

भिंती एकसंध चादर पांघरून झाकू नका. २० सेंमी उंच काटकोनी कोपऱ्यावर चादर हमखास फाटते किंवा खाली चुण्या पडतात. तुकडे कापून लावा. गनाश घट्ट झाल्यावर प्रत्येक बाजू पुन्हा मोजा, कारण थर चढल्याने माप बदललेलं असतं. साडेतीन मिमी जाड लाटा, प्रत्येक ४५० ग्रॅमला एक चहाचा चमचा टायलोज पावडर (फॉन्डंटला ताठपणा देणारी) मळून, आणि कापलेला तुकडा अर्धा तास एसीत ताठरू द्या. मग गनाशवर ओल्या ब्रशचा हलका हात फिरवून चिकटवा. आधी मागची बाजू, मग बगला, शेवटी दर्शनी. म्हणजे सांधे पुढून दिसत नाहीत, आणि जे दिसतात त्यांवर खांबांच्या उभ्या पट्ट्या येतात.

दगडी मजल्यांना पांढऱ्यात तपकिरी आणि अगदी कणभर काळा. रंग हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवा, दिवसभरात तो गडद होतो. ओलं असतानाच पट्टीच्या कडेने दगडांच्या रेघा दाबा. मात्र सगळ्या रेघा एका अंतरावर आल्या तर ती बाथरूमची फरशी दिसते. दगड लहान-मोठे ठेवा.

लाकडी मजल्यांना कोको मळलेलं फॉन्डंट घ्या. त्यावर कोऱ्या तारेच्या ब्रशने आडव्या रेघा ओढा. रंगवायला पाणी वापरू नका, साखर विरघळून डाग पडतो. बरेच जण वोडकात रंग कालवतात, तुमच्याकडे ते चालणार नाही असं धरते. एक चमचा कोको बटर वितळवून त्यात अर्धा चमचा कोको घाला आणि बारीक ब्रशने रेघांत भरा. पाणी नाही, दारू नाही, आणि लाकडाला हवी तशी मंद चमक येते.

झरोके आणि खिडक्या आठवडाभर आधी करून ठेवा. २५० ग्रॅम फॉन्डंटला एक चमचा टायलोज, २ मिमी जाड लाटून. कमान कापायला आइसिंगच्या मोठ्या नोझलचं गोल तोंड वरून दाबायचं आणि खालचे दोन उभे छेद सुरीने द्यायचे. लागतील त्यापेक्षा तिसरा हिस्सा जास्त करा, चिकटवताना मोडतातच. गोंद म्हणजे दोन मोठे चमचे पाण्यात पाव चमचा टायलोज, रात्रभर ठेवून.

सज्जांचे कठडे सोऱ्यातून काढा. शेवेची जाळी लावायची, फॉन्डंटमध्ये अर्धा चमचा डालडा मळून नरम करायचं आणि दाबायचं. एकसारख्या तारा निघतात, त्या सरळ पसरून सुकवा आणि मग तुकडे करा. हाताने वळलेली तार कधीच एका जाडीची होत नाही.

दरवाजावर लोखंडी खिळे आहेत, त्यांच्याशिवाय तो राजवाड्याचा दरवाजा वाटणार नाही. पण त्या जागी चांदीचे साखरगोळे नकोत. पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमाला येणाऱ्या निम्म्या माणसांच्या दातांना ते झेपणार नाहीत. वितळलेल्या डार्क कंपाउंडचे कोनातून बारीक ठिपके द्या.

निनाद (बडोदे)

पावसाळ्याचं मी बोलतो, आमच्याकडे जुलैत हीच अडचण रोजची आहे.

फॉन्डंट चढवलेला केक फ्रिजमध्ये ठेवूच नका, हा सोपा नियम. फ्रिजमधला केक ४-५ अंशांवर असतो. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा असेल तर २६ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरतं. केक तासन् तास तेवढा गरम होत नाही, पाणी सुटत राहतं, आणि गडद तपकिरी रंग पांढऱ्यावर ओघळतो. एसीच्या खोलीत २३-२४ अंशांना ठेवलेल्या केकला हा त्रास फार कमी. एवढ्या घट्ट गनाशचा केक अशा खोलीत दीड-दोन दिवस चांगला राहतो.

फ्रिजमध्ये ठेवणं भागच पडलं तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या नाही. पुठ्ठा ओल शोषतो. बाहेर काढल्यावर खोकं न उघडता एसीत दोन तास राहू द्या. तरीही ओलसर दिसलाच तर पुसू नका, बोट लावू नका, टेबलफॅन हळू लावून लांबून वारा द्या. पुसलेल्या जागी कायमचा चकाकणारा डाग राहतो.

आणखी एक. फॉन्डंट हाताला चिकटायला लागलं की लोक आइसिंग शुगर घालत सुटतात. ती स्वतःच ओल ओढते, आणि जास्त झाली की लाटताना हत्तीच्या कातडीसारख्या भेगा पडतात. ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, तेही मलमलच्या पुरचुंडीतून. सुकवायच्या नक्षीला पंखा पुरत नाही. ती बंद ओटीजीत फक्त आतला दिवा लावून ठेवा, हीटर बंद. दिवा नसेल तर एसीच्या खोलीत सिलिका जेलच्या पुड्यांसह मोठ्या डब्यात. सिलिका नक्षीला टेकू देऊ नका.

वाहतूक: केक गाडीच्या सीटवर कधीही नको, सीट मागे उतरती असते. डिकीचा तळ सपाट असेल तर तिथे, नाहीतर पुढच्या सीटच्या पायांच्या जागेत उशीच्या घड्या घालून पातळी साधून. खाली जाळीदार रबराची चटई. डिकी वेगळी बंद असते त्या गाडीत तिथे एसी पोचत नाही, म्हणून हॅचबॅक किंवा एसयूव्ही घ्या, मागच्या सीटमागचं सामान झाकायचं झाकण काढा आणि निघण्याआधी पंधरा मिनिटं एसी चालू ठेवा. काचेतून ऊन थेट केकवर येणार असेल तर पांढरा कपडा आडवा लावा. गतिरोधकांपेक्षा अचानक ब्रेकने जास्त नुकसान होतं, कारण उंच केक पुढे झुकतो. राजवाड्याचा दर्शनी भाग गाडीच्या मागच्या दिशेला ठेवा. ब्रेक लागला तर भार सपाट पाठीच्या भिंतीवर येईल.

सर्वांत वरची छत्री (घुमटी) आणि बुरुजांची टोकं वेगळी न्या, तिथे पोचून लावा. सोबत छोट्या डब्यात तोच गोंद, दोन्ही रंगांचं फॉन्डंट, ब्रश, टाचण्या आणि दहा-बारा जादा झरोके. टाचणी फक्त फोड फोडायला, केकमध्ये खोचून ठेवायला नाही.

केतकी (सुदामानगर, इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. मापं लिहून घेतली. तीन गोष्टी राहिल्या. कोपऱ्यांचे गोल बुरूज कशाचे करू? राइस क्रिस्पीत मार्शमॅलो लागतं, म्हणजे जिलेटिन आलं. दुसरं, आत दांडा असताना केक कापायचा कसा? आणि पुढच्या मोकळ्या जागेत बाग करून त्यात अहिल्याबाईंचा पुतळा करावा असं नणंदबाई म्हणताहेत. तो कशाचा करावा?

शुभांगीकाकू (लष्कर, ग्वाल्हेर)

बुरुजांना शिल्लक केकचा चुरा घ्या. १०० ग्रॅम चुऱ्याला ३० ग्रॅम गनाश, मळून लाडवासारखं घट्ट झालं पाहिजे. कागदाच्या नळीत ठासून भरा, फ्रिजमध्ये तासभर ठेवा, मग नळी उलगडून काढा. वरच्या छत्रीला मात्र हे जड होईल. तिथे कोरडे भाजलेले चुरमुरे १०० ग्रॅम आणि वितळलेलं व्हाइट कंपाउंड २५० ग्रॅम. चुरमुरे पूर्ण गार झाल्यावरच मिसळा, गरम असतील तर कंपाउंड पातळ राहून खाली गोळा होतं. साच्याला आतून प्लॅस्टिक लावून घट्ट दाबायचं आणि सेट झालं की वर गनाशचा पातळ हात देऊन फॉन्डंट चढवायचं. दाबताना हयगय केली तर फॉन्डंटखाली चुरमुऱ्यांचे उंचवटे दिसतात.

वसुधा (रामबाग, इंदूर)

पुतळा करू नका. साखरेचा माणूस करता येईल की नाही हा प्रश्नच नाही. अहिल्याबाई आपल्या गावाला देवीच्या जागी आहेत. त्यांची मूर्ती खायच्या वस्तूवर ठेवायची, तिच्याशेजारी सुरी चालवायची आणि शेवटी ती उचलून कुठेतरी ठेवायची किंवा मोडायची, हे तिथे बसलेल्या कितीतरी मोठ्या माणसांना लागेल. नणंदबाईंना तसंच सांगा, त्या समजतील. बाग करा, ती सुंदर दिसेल. हिरवं फॉन्डंट बारीक चाळणीतून दाबलं की गवत होतं. सोऱ्याच्या तारा उरतील, त्यांचं कुंपण करा.

त्या बागेचा उपयोगही आहे. बागेखाली ७ सेंमीच्या पट्टीचा शिल्लक तुकडा झोपवून ठेवा. सासरेबुवांना तिथे सुरी लावू द्या. फोटो राजवाड्यासमोर निघतो आणि इमारत शाबूत राहते. पुष्कळांना राजवाड्यावर सुरी फिरवायला मन होत नाही, त्यांचीही अडचण सुटते.

मग केक आत नेऊन उतरवा. आधी सांध्यावरची पट्टी पातळ सुरीने चारही बाजूंनी सोडवा. दोघांनी दोन बाजूंनी एमडीएफखाली चपटे उलथने सरकवून वरचा भाग सरळ वर उचला, तो दांड्यातून निघून येतो. तिरका ओढला तर दांडा केक फाडतो. म्हणूनच भोक दांड्यापेक्षा २ मिमी मोठं सांगितलं. वरच्या भागाचे सहा गुणिले तीन असे १८ तुकडे. खाली स्ट्रॉ मोजून काढा, चारही हातात आल्याशिवाय सुरी लावायची नाही. खालचा भाग उंच आहे, त्याचे सहा गुणिले चार, २४. मधले काही तुकडे दांड्यामुळे अर्धवट निघतील, ते मुलांच्या ताटलीत जातील. बाजूच्या भागांचे आठ-आठ. मिळून ५८, आणि बागेचा तुकडा वेगळा.

वेळेचं असं लावा: नक्षी आधीच्या शनिवार-रविवारी, भाजणं बुधवारी, कापणं आणि थर गुरुवारी संध्याकाळी, बाहेरचं गनाश शुक्रवारी सकाळी, भिंती शुक्रवारी संध्याकाळी, झरोके आणि रंग शनिवारी सकाळी. शुक्रवार पूर्ण मोकळा ठेवा. आणि ओटीजीचं तापमान आताच एका केकवर तपासून घ्या, लहान ओटीजी डायलवरच्या आकड्यापेक्षा १०-१५ अंश इकडेतिकडे असणं सर्रास आहे. ४० मिनिटांत वर गडद घुमट आला आणि चीर पडली तर १५० वर आणा आणि दहा मिनिटं जास्त द्या.